परवान्याची अफू

दारूबंदी उठवावी का, गांजा कायद्याच्या चौकटीत आणावा का, हे वाद आपल्याकडे अधूनमधून उकळी फुटल्यासारखे वर येतात. अलीकडे अशाच एका चर्चेला श्रोता म्हणून बसलो होतो. बंदीच्या बाजूचे वक्ते आणि परवान्याच्या बाजूचे वक्ते, दोघांनीही चीनच्या अफूचा दाखला दिला आणि दोघांनाही टाळ्या मिळाल्या. पहिले म्हणाले, नशेचा व्यापार मोकळा सोडला की काय होते ते चीनला विचारा. एक अख्खे साम्राज्य चिलमीच्या धुरात लोळत पडले. दुसरे म्हणाले, चीनच्या बादशहाने १७२९ सालीच बंदीचे फर्मान काढले होते, पुढची शंभरावर वर्षे ते कागदावर राहिले; त्यातून काय मिळाले? चोरटा व्यापार, लाचखाऊ अंमलदार आणि शेवटी हाँगकाँग गमावून पदरात पडलेला तह. एकाच गोष्टीची दोन उलटी तात्पर्ये निघत असतील, तर बहुधा गोष्टच अर्धी सांगितली जात असते.

गाळलेला अर्धा भाग हिंदुस्थानातला आहे. दोन्ही वक्ते एक गोष्ट गृहीत धरून बोलत होते, की अफूचा धंदा म्हणजे बेबंद बाजार होता आणि त्याला आवर घालणारे कोणी नव्हते. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकात जगातल्या ज्या पिकांवर सरकारचा सर्वांत कडक पहारा होता, त्यांत अफू पहिल्या रांगेत बसेल. कोणी पेरायची, किती जमिनीत पेरायची, चीक कोणाच्या काट्यावर घालायचा, पेटीत किती गोळे भरायचे, लिलाव कधी करायचा, सगळे कायद्याने ठरलेले. चीनमध्ये जे झाले ते या बंदोबस्ताच्या आधाराने झाले. म्हणून ‘बंदी की नियमन’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. त्याच्या आधी विचारायचा प्रश्न असा, की नियमन करणाऱ्याची चूल कशावर पेटते?

बंगालपासून सुरुवात करू. १७७३ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बिहारच्या अफूचा मक्ता कंपनीच्या हातात घेतला. आधी ठेकेदार नेमले. १७९७ पासून ठेकेदारही गेले आणि पाटणा व बनारस अशा दोन सरकारी एजन्सींचा थेट कारभार सुरू झाला. १७९९ च्या कायद्याने कंपनीच्या तिकडच्या मुलखात परवान्याशिवाय अफू पिकवणे हा गुन्हा ठरला. ज्याला पीक घ्यायचे त्याने सरकारी माणसांकडे नाव नोंदवायचे, आगाऊ रक्कम उचलायची, जमीन मोजून द्यायची आणि बोंडांना चिरा देऊन निघालेला सगळा चीक सरकारी कोठीत नेऊन घालायचा. भाव सरकारचा, काटा सरकारचा, प्रत ठरवणारा पारखीही सरकारचा. शतकाच्या उत्तरार्धात दहा लाखांहून अधिक शेतकरी या वहीत अडकलेले होते. कागदावर पेरणी ऐच्छिक होती. पण जमीनदाराचा सारा भरायच्या तोंडावर हातात पडणारी ती आगाऊ रक्कम नाकारणे किती जणांना झेपत होते? बटाटा किंवा ऊस लावला असता तर चार पैसे जास्त मिळाले असते, हे गाऱ्हाणे खुद्द सरकारी चौकशांतून उमटलेले आहे.

पुढे कारखाना. पाटण्याला आणि गाझीपूरला चीक घोटून, सुकवून त्याचे तोफेच्या गोळ्याएवढे गोळे वळत. खसखशीच्या फुलांच्या पाकळ्या भाजून त्यांच्या पातळ पोळ्या करत आणि त्या पोळ्यांत एकेक गोळा गुंडाळत. असे चाळीस गोळे एका आंब्याच्या लाकडाच्या पेटीत. या पेटीची ख्याती अशी, की चिनी व्यापारी ती न फोडता, न चाखता, नुसता सरकारी छाप पाहून उचलत. भेसळ नाही, वजनात फसवणूक नाही. ‘नियमन केले की निदान माल तरी शुद्ध मिळतो’ असे आज आग्रहाने सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. खराब हातभट्टीने माणसे दगावतात तेव्हा त्या युक्तिवादाचे वजन कळते. पण त्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. शुद्धतेच्या हमीने गिऱ्हाइकाचा जीव वाचतो, तसे गिऱ्हाईक वाढतेही. पाटण्याचा छाप ही त्या काळातली सर्वांत यशस्वी जाहिरात होती आणि ती सरकारने केली होती.

लिलाव कलकत्त्यात होई. खर्चाच्या कित्येक पट भावाने पेट्या विकल्या गेल्या, की सरकारने हात धुतले. चीनमध्ये अफू नेणे बेकायदा, म्हणून कंपनीने चहा आणणाऱ्या आपल्या जहाजांवर अफू चढवायला सक्त मनाई केली होती. माल नेत ते खासगी व्यापारी. ते दक्षिण चीनमधल्या कँटन बंदराच्या खाडीबाहेर लिंटिन बेटापाशी नांगरलेल्या गलबतांवर पेट्या रिकाम्या करत, तिथून वल्ह्यांच्या चपळ होड्या रातोरात किनाऱ्याला लागत. मिळालेली चांदी कँटनमध्ये कंपनीच्याच खजिन्यात जमा होई, तिच्या बदल्यात हुंड्या मिळत, आणि त्या चांदीतून इंग्लंडसाठी चहा खरेदी होई. कायदा पाळणारी कंपनी आणि कायदा मोडणारा व्यापारी यांच्यामध्ये एका हुंडीचे अंतर होते. १८०० च्या सुमारास वर्षाला चार-पाच हजार पेट्या जात; १८३८-३९ मध्ये तो आकडा चाळीस हजारांच्या घरात पोचला. शतकाच्या मध्यावर आणि नंतरही हिंदुस्थान सरकारच्या एकूण महसुलाचा साधारण सहावा-सातवा हिस्सा एकट्या अफूचा असे.

आता माळव्याकडे येतो, कारण खरी परीक्षा तिथे झाली आणि ती गोष्ट आपल्या घरातलीही आहे. माळवा म्हणजे शिंदे-होळकरांचा मुलूख. तिथे कंपनीचा मक्ता नव्हता. इंदूर, उज्जैन, मंदसौर, प्रतापगढच्या सावकारांनी शेतकऱ्याला पैसे द्यायचे, चीक घ्यायचा, वड्या करायच्या आणि माल मुंबईच्या किंवा पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दमणच्या बंदराकडे रवाना करायचा. दरबारांनाही ते सोयीचे होते. अफूच्या जमिनीचा सारा इतर जमिनीपेक्षा चढा असे. कलकत्त्याला या मालाची धास्ती बसली. माळव्याची अफू कँटनमध्ये स्वस्त मिळू लागली तर पाटण्याच्या पेटीचा भाव पडणार! म्हणून १८०३ नंतरच्या दोन-तीन वर्षांत मुंबईतून माळव्याची अफू पाठवायला बंदी आली. माल दमणला वळला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर कंपनीने दुसरा डाव टाकला: माळव्याची अफू स्वतःच विकत घेऊन मुंबईत लिलाव करायचा. माळव्याच्या शेतकऱ्याने ती संधी साधून आणखी पेरले. मग १८२० च्या दशकात संस्थानांशी करार झाले. लागवड आवरा, माल आम्हालाच द्या, बदल्यात भरपाई घ्या. इंदूरसह काही दरबारांनी सह्या केल्या, काहींनी कानाडोळा केला, आणि सह्या केलेल्यांच्या हद्दीतूनही उंटांचे तांडे मारवाडातल्या पालीवरून, जैसलमेरच्या वाळवंटातून कराचीला आणि तिथून समुद्रमार्गे दमणला जातच राहिले. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि पास काढला. पेटीमागे अमुक रुपये भरा आणि मुंबईतून खुशाल न्या.

या पासच्या दरांचा चढउतार पाहण्यासारखा आहे. सुरुवात १७५ रुपयांनी. तरीही बराच माल कराचीकडे जातो असे दिसले, तेव्हा १८३५ मध्ये दर १२५ वर उतरला. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेले, कराचीची वाट बुजली. त्याच वर्षी दर २००, दोन वर्षांनी ३००, १८४७ मध्ये ४००. साठीच्या दशकात तो सहाशेच्या घरात खेळत होता. गिऱ्हाइकाला दुसरे दुकान उघडे असेपर्यंत नरमाई, ते बंद झाले की मनमानी. पासाच्या या सगळ्या हिशोबात चीनमध्ये किती लोक ओढतात, याला कुठे जागा आहे? कोणी म्हणेल, यात वावगे ते काय, कर इतका जड असू नये की चोरटा माल वाढेल, हे कोणताही जाणता कर अधिकारी सांगेल. मान्य. पण मग त्याच वर्षांत बिहारकडे काय चालले होते तेही बघा. माळव्याशी टक्कर द्यायची म्हणून तिकडे पेरा वाढवला गेला. भाव पडला तर पडू दे, पेट्यांची संख्या वाढवून महसूल भरून काढू, असे धोरण ठरले. आवर घालण्यासाठी नेमलेले खाते आपल्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त माल बाजारात ओतू लागते, तेव्हा ‘नियमन’ या शब्दाचा अर्थ तरी काय उरतो?

अंतर्गत विक्रीसाठी याच सरकारचे सूत्र वेगळे होते. कमीत कमी खप, जास्तीत जास्त महसूल, हे आबकारी खात्याचे ब्रीद. हिंदुस्थानात अफूची दुकाने परवान्याने चालत आणि १८७८ च्या कायद्यानंतर माणसाने जवळ किती अफू बाळगायची यालाही मर्यादा होती. (त्या मर्यादेत मुंबईच्या चाळींतली बाळगोळी आरामात बसत होती, हे वेगळे. कामावर जाणारी आई तान्ह्याला अफूची गोळी देऊन निजवायची, ही काही फार जुनी गोष्ट नाही.) चीनच्या बाबतीत या सूत्राचा पूर्वार्ध गळून पडला आणि उत्तरार्ध तेवढा उरला. एकाच सरकारची एकाच पदार्थाविषयी दोन मापे. यातले कोणते माप खरे मानायचे?

यावर जे आक्षेप घेतले जातात ते पोकळ नाहीत. एक आक्षेप असा, की अफूच्या हानीचा बागुलबुवा मिशनऱ्यांनी उभा केला. वेदना, खोकला, हगवण यांवर दुसरे औषध नसलेल्या काळात अफू हेच गरिबाचे औषध होते. लाखो लोक आयुष्यभर थोडीशी घेत आणि कामधंदा करून जगत. यात तथ्य आहे. खुद्द इंग्लंडमध्ये १८६८ पर्यंत अफू किराणा दुकानात मिळे. अफूचा व्यापार मोडायला चीनच्या बादशहाने नेमलेला अधिकारी लिन झशू याने व्हिक्टोरिया राणीला उद्देशून लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात ‘तुमच्या देशात तर अफूला सक्त बंदी आहे’ असे धरून मुद्दा मांडला होता. बिचाऱ्याची माहितीच चुकीची होती. १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही आयोगाने सातशेहून अधिक साक्षी घेतल्या, दरभंग्याचे महाराज आणि जुनागढचे माजी दिवाण हरिदास विहारीदास देसाई हे दोन हिंदी सदस्य त्यात होते, आणि १८९५ मध्ये निष्कर्ष निघाला की बंदीची गरज नाही आणि लोकांना ती नकोही आहे. एकट्या हेन्री विल्सन यांनी विरोधी मत नोंदवले.

पण हा आक्षेप मान्य करूनही माझा मुद्दा जागचा हलत नाही. अफू किती वाईट, हे ठरवायला बसले कोण? ज्यांचे अंदाजपत्रक अफूवर उभे होते तेच. आयोगासमोरच्या साक्षींची जमवाजमव हिंदुस्थान सरकारच्याच हातात होती, ही विल्सन यांची तक्रार होती. त्याआधी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलेले डॉ. जॉर्ज बर्डवुड लंडनमध्ये ठासून सांगत होते, की अफूचा धूर निरुपद्रवी आहे. ते खोटे बोलत होते असे मला म्हणायचे नाही. प्रामाणिकपणे चुकले असतील. पण तंबाखूच्या कंपनीने पुरवलेला अहवाल जितक्या सावधपणे वाचावा, तितक्याच सावधपणे सरकारचा अहवाल वाचायला नको का? आणि थोडे पिळून विचारायचे तर, अफू इतकी निरुपद्रवी होती, तर हिंदुस्थानात तिच्यावर मर्यादा कशाला होती?

दुसरा आक्षेप चीनच्या बंदीचा. ती फसली, यात शंका नाही. १८३६ मध्ये शू नायजी या अधिकाऱ्याने बादशहाला अर्ज करून सुचवले होते, की बंदी उठवा, औषध म्हणून जकात घ्या, चांदी बाहेर जाणार नाही अशी मालाच्या बदल्यात मालाची अट घाला. आजच्या परवानावाद्यांना तो आपला पूर्वज वाटेल. त्याच्या अर्जातले एक कलम मात्र कोणी सांगत नाही. अधिकारी, विद्वान आणि सैनिक यांच्यावरची बंदी त्याला कायम ठेवायची होती; सामान्य रयतेने ओढली तर ओढू दे, असे त्याचे म्हणणे. राज्य चालवायला लागणारी माणसे शुद्धीवर हवीत, बाकीच्यांकडून जकात हवी! हा अर्ज फेटाळला गेला, लिन झशूला कँटनला धाडले गेले, आणि १८३९ च्या जूनमध्ये त्याने वीस हजारांहून जास्त पेट्या हूमेनच्या किनाऱ्यावर चुना-मिठात कालवून समुद्रात सोडल्या. पुढचे युद्ध, म्हणजे इंग्रजांनी चीनशी केलेले पहिले अफू युद्ध, सर्वांना ठाऊक आहे. ब्रिटिश संसदेत त्याविरुद्धचा ठराव २७१ विरुद्ध २६२ असा अवघ्या नऊ मतांनी पडला. १८४२ च्या नानकिंगच्या तहात नष्ट झालेल्या अफूची भरपाई म्हणून ६० लाख डॉलर वसूल केले गेले, पण अफूचा व्यापार कायदेशीर करण्याचे कलम त्यात नव्हते. ते १८५८ मध्ये, दुसरे युद्ध चालू असताना, जकातीच्या तक्त्यात एक ओळ म्हणून आले: पिकलमागे (सुमारे साठ किलोंचे चिनी वजन) तीस ताएल (चांदी मोजायचे चिनी माप). चीनची बंदी फसली असे म्हणताना, तिच्या उरावर दोनदा तोफा आल्या, हे वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात तरी यायला हवे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. कायदेशीर झाल्यावर चीनने स्वतःच इतकी अफू पिकवली, की १९०६ च्या सुमारास देशी उत्पादन आयातीच्या दहापट असल्याचे अंदाज होते. मग दोष एकट्या इंग्रजांचा कसा? चीनचा त्या काळातला बडा मुत्सद्दी ली होंगचांग याने १८८१ मध्ये इंग्लंडमधल्या अफूविरोधी मंडळींना लिहिले होते, की या प्रश्नाकडे चीन नीतीच्या दृष्टीने पाहतो आणि इंग्लंड जमाखर्चाच्या. वाक्य भारी आहे, पण लीच्या कारकिर्दीत चिनी प्रांतांचे खजिनेही अफूवरच्या नाक्या-नाक्यावरच्या करांनी भरत होते आणि त्याच पैशातून फौजा पोसल्या जात होत्या. १८८५ मध्ये लंडनमध्ये करार करून चीनने आयात अफूवरचा एकूण कर पिकलमागे ११० ताएलवर नेला तेव्हाही घासाघीस चालली होती ती वाट्याची. म्हणजे रोग एका वंशाचा किंवा एका ध्वजाचा नव्हता. जो खजिना त्या पेटीवर टेकला, तो पेटी सोडू शकला नाही, मग तो कलकत्त्याचा असो वा सेचुआनचा. इंग्रजांना यामुळे माफी मिळत नाही. पण ‘परकीय गेले की प्रश्न सुटतो’ ही आपली आवडती समजूत मात्र सैल होते.

आणि आपले लोक? अफूचा इतिहास सांगताना आपण स्वतःला बळींच्या ओळीत उभे करतो. बिहारचा शेतकरी त्या ओळीत नक्की उभा राहील. मुंबईचे शेठ राहतील का? जमशेटजी जीजीभॉय, मोतीचंद अमीचंद आणि गोव्याचे रोजेरिओ द फारिया ही भागीदार मंडळी माळव्याच्या मालावरच वर आली. फारियांचा दमणशी असलेला संबंध तर या धंद्याची किल्लीच होता. जमशेटजींना ‘सर’ ही पदवी १८४२ मध्ये मिळाली, म्हणजे ज्या वर्षी नानकिंगचा तह झाला त्याच वर्षी. त्यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय उभे राहिले, त्यांच्या पत्नी आवाबाईंनी माहीमचा रस्ता बांधून दिला. नंतरच्या पिढीत ससूनांची अफू आणि पुण्याचे ससून रुग्णालय. इतिहासकारांचा एक प्रवाह म्हणतो, की कंपनीचा मक्ता फोडून हिंदी व्यापाऱ्याने भांडवल उभे केले ते माळव्याच्या अफूवर, आणि मुंबई कलकत्त्यासारखी पूर्ण परक्यांच्या हाती गेली नाही ती त्यामुळे. हे मला पटते. मात्र दमणच्या चोरवाटेला स्वातंत्र्यलढ्याचा टिळा लावण्याइतके पटत नाही. जे. जे.मध्ये माझ्या ओळखीच्या कितीतरी माणसांचे प्राण वाचले आहेत. पाट्या बदला, पुतळे हलवा, असे मी म्हणणार नाही. मात्र ‘दानशूर’ या शब्दापाशी थांबून पैशाच्या मुळाशी न जाणे, हा आपला सोयीचा विसराळूपणा आहे.

त्या काळी सगळेच विसरले नव्हते. दादाभाई नौरोजी लंडनच्या कामा कंपनीतून १८५८ मध्ये बाहेर पडले, त्यामागे अफू-दारूच्या नफ्यात वाटा नको हे कारण होते. पुढे त्यांनी हिशोबच मांडला, की हिंदुस्थानातून होणारी लूट भरून निघत नाही म्हणून चीनला विष पाजून ती भरली जाते. १९०७ च्या अर्थसंकल्पावरच्या भाषणात गोखल्यांनी सांगितले, की चिनी लोकांच्या अधःपातावर मिळणाऱ्या या उत्पन्नाची आपल्याला नेहमीच मानहानी वाटत आली आहे. आणि तरीही राष्ट्रीय बाण्याच्या अनेक वृत्तपत्रांना आणि पुढाऱ्यांना अफूबंदीची चळवळ संशयास्पद वाटे. इंग्लंडमधल्या सद्गृहस्थांच्या विवेकबुद्धीची किंमत मिठावरच्या करातून हिंदी गरिबाने का मोजावी? १८९१ मध्ये ब्रिटिश संसदेने अफूचा महसूल नैतिकदृष्ट्या असमर्थनीय असल्याचे मत दिले, पण तूट कोण भरणार याचे उत्तर दिले नाही. हा आक्षेप खोडून काढण्याजोगा नाहीच. उलट तोच माझा पुरावा आहे: एकदा घर त्या पैशावर चालू लागले, की सोडण्याची किंमत नेहमी सर्वांत दुबळ्याच्या नावावर पडते, आणि मग सोडू नये हीच भूतदया वाटू लागते.

तरी एकदा ते सोडले गेले, आणि कसे सोडले गेले हे बघण्यासारखे आहे. १९०६ मध्ये चीनने दहा वर्षांत अफू संपवण्याचे फर्मान काढले. १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारने १९०८ पासून निर्यात दरवर्षी एक दशांशाने कमी करण्याचे कबूल केले. हे झाले कारण तोवर अफूचा वाटा महसुलात आधीच घसरला होता. म्हणजे चूल दुसऱ्या सरपणावर पेटू लागल्यावर नीती आठवली. चीनने तिकडे प्रांतामागून प्रांतात पेरा उपटला आणि जगाला वाटले नव्हते इतके यश मिळवले. मौज अशी, की पेट्या घटल्या तसे भाव भडकले आणि सोडण्याच्या वर्षांतच कलकत्त्याच्या तिजोरीत अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त पैसा पडला. १९१३ मध्ये चीनकडची निर्यात थांबली. शांघायच्या वखारींत उरलेल्या हजारावर पेट्या चिनी सरकारने विकत घेऊन १९१९ च्या जानेवारीत जाळल्या. आणि लगेच पुढच्या दशकात प्रांतोप्रांतीच्या लष्करी सरदारांनी शेतकऱ्यांना पुन्हा अफू लावायला लावली, काही ठिकाणी तर न लावणाऱ्यावर ‘आळशी कर’ बसवून. फौजेचा पगार कुठून आणायचा? ज्या प्रांताने पाच वर्षांपूर्वी पेरा उपटला होता, त्याच प्रांताने तो परत आणला.

आता आपल्या वादाकडे. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. ती उठवताना चोरट्या दारूचे, विषारी दारूचे, पोलिसांवरच्या ताणाचे मुद्दे मांडले गेले आणि ते खरे होते. त्याच यादीत बुडालेल्या महसुलाचाही मुद्दा होता. हे दोन मुद्दे शेजारी बसवले की मला माळव्याचा पास आठवतो. चोरटा व्यापार थांबवण्यासाठी परवाना द्यायचा असेल, तर द्यावा. मी बंदीचा पुरस्कर्ता नाही. पण उत्पादन शुल्क खात्याला दरवर्षी वसुलीचे वाढते उद्दिष्ट द्यायचे आणि त्याच खात्याकडून खप आवरण्याची अपेक्षा करायची, हे काटा आणि माल एकाच्याच हातात देणे झाले. परवान्याच्या बाजूच्या वक्त्यांना त्या दिवशी विचारायचे राहून गेले ते हे: समजा, तुमचे नियमन पूर्ण यशस्वी झाले आणि पाच वर्षांत खप निम्म्यावर आला, त्या वर्षीचे अंदाजपत्रक वाचून दाखवता का? आणि बंदीच्या बाजूच्या वक्त्यांना हे: तुमच्या बंदीनंतर ज्याचा पगार चोरट्या पेटीवर चालतो त्या नाक्यावरच्या माणसाचे काय करणार?

अफू भारतात आजही पिकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दिवाळीत अनारशाला लावतो ती खसखस त्याच बोंडातली. ती पिशवीत घेऊन आखाती देशांत उतरू नका, एवढा सल्ला प्रवासी एकमेकांना देतात. मंदसौर, नीमच, चित्तोडगढच्या पट्ट्यात ठरावीक शेतकऱ्यांना सरकारी परवाना असतो, त्याला तिकडे पट्टा म्हणतात, आणि पट्टा असणे ही गावात इभ्रतीची गोष्ट असते. चीक सरकारच घेते, त्यातून मॉर्फिन आणि कोडीन काढण्याचे काम नीमच आणि गाझीपूरला होते. गाझीपूरचा तो कारखाना १८२० चाच. ठरल्यापेक्षा कमी माल घातला तर पट्टा जातो. पूर्वी ही अट महसूल बुडू नये म्हणून होती, आता माल चोरट्या बाजारात गळू नये म्हणून आहे, आणि तरी गळतोच, कारण बाहेरचा भाव सरकारी भावाच्या कितीतरी पट आहे. या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्यालय शिंद्यांच्या ग्वाल्हेरला आहे. आरोग्य मंत्रालयाखाली असेल असे वाटते, पण ते अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाखाली येते.